धक्क्यावर अडकलेला गट: थायलंडच्या आखाती किनाऱ्यावरील एका बस सहलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या पर्यटन कंपनीने दिवाळीच्या सुट्टीसाठी थायलंडची एक नवी सहल जाहीर केली. बँकॉक, पट्टाया आणि फुकेत या ठरलेल्या त्रिकोणाबाहेरचे काही पाहावे, अशी तिच्या जुन्या प्रवाशांची मागणी होती. त्यामुळे बँकॉकहून बसने निघून थायलंडच्या आखाताच्या कडेने दक्षिणेकडे जायचे आणि समुई बेटावरील एका समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये तीन रात्री निवांत राहायचे, अशी योजना आखण्यात आली. पहिली रात्र बँकॉकमध्ये, दुसरी हुआ हिनला आणि तिसरी चुंफॉनला होती. चौथ्या दिवशी डॉन साकच्या धक्क्यावरून फेरीबोटीने समुईला जायचे होते. सातव्या दिवशी सकाळी बोटीने परत, दुपारी सुरात थानीहून बँकॉकचे विमान आणि त्याच रात्री मुंबईचे विमान, असा शेवट ठरला होता.

गटात ३४ प्रवासी होते. बहुतेक जण कुटुंबासह आलेले आणि भाऊबीज आटोपून निघालेले होते. पाच जण सत्तरीपुढचे होते आणि एका काकांना इन्सुलिन चालू होते. कंपनीचा टूर मॅनेजर युरोपच्या सहलींमध्ये मुरलेला होता, मात्र या मार्गावर तो पहिल्यांदाच आला होता. थायलंडमध्ये गटाला माहिती सांगत फिरवण्याचा व्यवसाय थाई नागरिकत्व असलेल्या परवानाधारक गाईडसाठीच राखीव आहे. त्यामुळे बँकॉकपासून एक थाई गाईड गटाबरोबर होती. प्रवासी तिला दुसऱ्या दिवसापासून ‘ताई’ म्हणू लागले होते. ती मूळची नाखॉन सी थम्मारात प्रांताची, म्हणजे डॉन साकच्या शेजारच्याच किनाऱ्यावरची होती. पुढे घडलेल्या गोष्टींमध्ये तिच्या या माहेरचा वाटा मोठा आहे.

कंपनी, व्यक्ती आणि हॉटेले यांची ओळख येथे लपवली आहे आणि सहल कोणत्या वर्षीची होती हेही मुद्दाम दिलेले नाही.

वेळापत्रकातच दडलेली अडचण

दसरा झाला की पाऊस संपला, हे आपल्या अंगवळणी पडलेले गणित आहे. कोकण किनाऱ्यासाठी ते बहुतांशी बरोबरही आहे. थायलंडच्या दक्षिणेकडील चिंचोळ्या द्वीपकल्पाला मात्र दोन किनारे आहेत आणि त्या दोघांचे पावसाळे वेगवेगळे आहेत. फुकेत आणि क्राबी ज्या किनाऱ्यावर आहेत, त्या पश्चिमेकडील अंदमान समुद्राच्या बाजूला नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पडतो. त्यानंतर वारे फिरतात. ईशान्येकडून येणारे वारे आखातावरून बाष्प उचलतात आणि द्वीपकल्पाच्या मधल्या डोंगररांगांना अडून पूर्व किनाऱ्यावर कोसळतात. तमिळनाडूच्या किनाऱ्याला ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मिळणारा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे लगेच उमगेल. समुईवर वर्षातला सर्वाधिक पाऊस नोव्हेंबरमध्ये पडतो.

याच्या खुणा कोणालाही दिसतील अशा होत्या. समुईजवळचे आंग थाँग हे ४२ बेटांचे सागरी उद्यान साधारण नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांसाठी बंद ठेवले जाते. अंदमान बाजूची सिमिलान बेटे याच्या बरोबर उलट, म्हणजे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. या दोन तारखा शेजारी मांडल्या तरी दिवाळीत कोणत्या किनाऱ्याला जावे, हे कळते. या आखाताला वादळांचा इतिहासही आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये ‘गे’ हे तुफान चुंफॉन प्रांतावर आदळले होते आणि जानेवारी २०१९ मध्ये ‘पाबुक’ वादळ नाखॉन सी थम्मारातच्या किनाऱ्यावर आले, तेव्हाही समुईची बोटसेवा थांबवावी लागली होती.

कंपनीच्या कार्यालयात या खुणा कोणाच्या लक्षात आल्या नाहीत, याची कारणे अगदी साधी होती. मार्गाची पाहणी मार्चमध्ये झाली होती. तेव्हा समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा संथ होता आणि जाहिरातीतली छायाचित्रे त्याच वेळची होती. रिसॉर्टने नोव्हेंबरसाठी भरघोस सवलत देऊ केली. ती आपल्या वाटाघाटींचे यश आहे, असे खरेदी विभागाने मानले आणि ती का मिळते आहे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. उद्यान बंद असल्याचे स्थानिक पुरवठादाराने कळवले होते. त्यावर कार्यक्रमातून उद्यानाची सहल वगळण्यात आली आणि तिच्या जागी बेटावरील मंदिरे व धबधबा घालण्यात आला. उद्यान ज्या समुद्रामुळे बंद होते, तोच समुद्र ओलांडून ३४ जणांना पलीकडे न्यायचे आहे, ही जोडणी मात्र कागदावर कुठेही झाली नाही.

दुसरी अडचण शेवटच्या दिवसाची होती. सकाळची बोट, दुपारचे देशांतर्गत विमान, बँकॉकमध्ये एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणे आणि रात्रीचे मुंबईचे विमान, या साखळीत बोटीला तीन तास उशीर झाला तरी सगळे ढासळले असते. चार कड्यांच्या या साखळीत सर्वांत कच्ची कडी सर्वांत आधी येत होती.

चुंफॉनची रात्र

हुआ हिन आणि प्रचुआप खीरी खानचा प्रवास ढगाळ हवेत पण सुरळीत पार पडला. तिसऱ्या दिवशी रात्री चुंफॉनच्या हॉटेलात गाईडने टूर मॅनेजरला थाई हवामान विभागाचा इशारा वाचून दाखवला. आखातात लाटांची उंची वाढणार असून लहान बोटींनी किनारा सोडू नये, असे त्यात म्हटले होते. मोठ्या वाहनवाहू फेरीबोटींविषयी त्यात काही नव्हते आणि त्या दिवशी त्या चालूही होत्या. मॅनेजरने हा इशारा कार्यालयाला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि उत्तराची वाट पाहण्याचे ठरवले.

हा पहिला निर्णयबिंदू. चुंफॉनजवळ रस्ता दुभंगतो. ४ क्रमांकाचा महामार्ग पश्चिमेला वळून रानोंगमार्गे अंदमान किनाऱ्याने खाली जातो, तर ४१ क्रमांकाचा सरळ दक्षिणेला सुरात थानीकडे जातो. रात्रीच सहल वळवायची, तर त्यासाठी पुरेसे कारण हाती होते का? माझ्या मते नव्हते. केवळ इशाऱ्यावरून तीन रात्रींचे आरक्षण सोडून देणे घाईचे ठरले असते. पण त्या रात्री ज्या तीन गोष्टी करता आल्या असत्या, त्यांतली एकही झाली नाही: फेरीबोट कंपनीला सकाळी किती वाजता विचारायचे हे ठरवणे, क्राबीच्या बाजूला खोल्यांची चौकशी करून ठेवणे आणि अंतिम निर्णय कोण घेणार हे कार्यालयाकडून लेखी मागून घेणे.

तिसरी गोष्ट वाटते त्यापेक्षा महत्त्वाची होती. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. बस सकाळी साडेसातला निघाली, तेव्हा महाराष्ट्रात सहा वाजले होते. कार्यालय दहाला उघडणार, म्हणजे थायलंडच्या साडेअकराला. तोपर्यंत मॅनेजरला मार्ग बदलण्याचा अधिकार नव्हता आणि तो नसल्याची जाणीव त्याला पुरेपूर होती. युरोपात अशी वेळ आली की तो कार्यालयाला फोन लावत असे आणि तिथला फरक उलटा असल्यामुळे कोणीतरी जागेच असे.

डॉन साकच्या धक्क्यावर

वाटेत चैया येथील सुआन मोक्ख या १९३२ साली बुद्धदास भिक्खूंनी स्थापन केलेल्या अरण्यविहारात गट तासभर थांबला. पुढे सुरात थानी शहर लागले. या शहराला हे नाव राजा वजिरावुध यांनी १९१५ साली गुजरातेतल्या सुरतेवरून दिले आणि तिथल्या नदीचे नावही तापी ठेवले. गाईडने ही माहिती सांगताच बसमधल्या खानदेशी मंडळींनी टाळ्या वाजवल्या. शहराबाहेर पाऊस सुरू झाला होता आणि तो पुढे थांबला नाही.

बस एकच्या सुमारास धक्क्यावर पोहोचली. वेगवान प्रवासी बोटी सकाळपासूनच बंद होत्या आणि वाहनवाहू फेरीबोटींची सेवा अकराच्या पुढे थांबवण्यात आली होती. ट्रक, पिकअप आणि मोटारींची रांग फाटकाबाहेर गेली होती. तिकीटखिडकीवरचा माणूस प्रत्येकाला एकच उत्तर देत होता, ‘चारनंतर कदाचित.’

मूळ करारानुसार बसचे काम इथेच संपत होते. बेटावर दुसऱ्या गाड्या मिळणार होत्या आणि ही बस रिकामी बँकॉकला परतणार होती. त्यामुळे क्लीनरने डिकी उघडली, पाच-सहा बॅगा पत्र्याच्या शेडखाली काढून ठेवल्या, आणि तिरप्या पावसाने त्यांच्यावरची नावाची लेबले ओली होऊ लागली. गाईड छत्री न उघडताच धावत गेली, बॅगा परत आत ठेवायला लावल्या आणि ड्रायव्हरला गाडी बंद करून आत बसायला सांगितले. मग ती मॅनेजरकडे येऊन म्हणाली, “बस सोडू नका. बस गेली तर आपल्या हातात काहीच राहणार नाही.” त्या दिवसाचा पहिला खरा निर्णय हाच होता आणि तो घ्यायला कोणाच्या परवानगीची वाट पाहण्यात आली नाही.

समोरचे पर्याय

दीड ते पावणेतीन या वेळात मॅनेजर, गाईड आणि फोनवर कार्यालय यांनी चार पर्याय तोलले.

चारपर्यंत थांबून मिळेल त्या बोटीने पलीकडे जाणे हा पहिला पर्याय होता आणि प्रवाशांपैकी बहुतेकांचा कौल त्यालाच होता. ‘आलोच आहोत तर’ हा युक्तिवाद फार बळकट असतो. गाईडने मात्र दोन गोष्टी लक्षात आणून दिल्या. सेवा सुरू झाली तरी रांगेत पुढे असलेली वाहने, रुग्णवाहिका आणि बेटावरचा आवश्यक माल आधी जाणार, त्यामुळे गटाचा क्रम रात्री लागण्याची शक्यता अधिक होती. एरवी दीड तासाची असलेली ही फेरी खवळलेल्या समुद्रात, अंधारात, सत्तरीपुढच्या पाच माणसांना घेऊन करावी लागली असती. दुसरी गोष्ट तिने प्रश्नाच्या रूपात मांडली: पलीकडे जाता येईलही, पण सातव्या दिवशी सकाळी परत येता येईल, याची खात्री कोण देतो? तोवरची सगळी चर्चा पोहोचण्यावरच अडलेली होती. परतीचा मुद्दा आल्यावर तिचा रोखच बदलला.

दुसरा पर्याय सुरात थानी शहरात किंवा जवळच्या खानोम किनाऱ्यावर रात्र काढून सकाळी पुन्हा प्रयत्न करण्याचा होता. तो सुरक्षित होता, पण सकाळीही बोट नसेल तर आणखी एक दिवस वाया जाणार होता. पावसातले खानोम पाहायला कोणी मुंबईहून आलेले नव्हते.

तिसरा पर्याय द्वीपकल्प ओलांडून अंदमान बाजूला जाण्याचा. डॉन साकच्या अलीकडे कांचनादितजवळून ४४ क्रमांकाचा महामार्ग क्राबी प्रांताकडे जातो. दोन किनारे जोडणारा हा रस्ता बांधताना मध्ये तेलवाहिनी आणि रेल्वेसाठी रुंद पट्टा सोडला होता. ती दोन्ही कामे झाली नाहीत, पण रस्ता प्रशस्त झाला. तिथून क्राबी तीन-साडेतीन तासांवर होते. त्याच्या पलीकडे लांता हे बेट आहे. तिथे जायला अरुंद खाडीवर लहानशी फेरीबोट लागते. ती पार करून धाकट्या लांतावर उतरायचे आणि २०१६ पासून वापरात असलेल्या पुलावरून मोठ्या लांतावर जायचे. बेटावर राहण्याचे आश्वासन अशा रीतीने पाळता येणार होते आणि खुला समुद्र टळणार होता.

चौथा पर्याय गट विभागण्याचा. दोन कुटुंबे समुईलाच जायचे म्हणून हटून बसली होती. त्यांच्यातले एक गृहस्थ मॅनेजरला म्हणाले, “अहो, आम्ही पैसे समुईचे भरलेत. लांता का काय ते आम्ही ऐकलंसुद्धा नाही.” त्यांचे म्हणणे रास्त होते. पण गाईड एकच, मॅनेजर एकच आणि परतीचे तिकीट सामूहिक होते. हा पर्याय पंधरा मिनिटांत बाजूला पडला आणि तो पडायलाच हवा होता.

निर्णय लवकर घ्यावा लागला, याचे कारण ड्रायव्हर होता. थायलंडच्या भू-वाहतूक कायद्यानुसार व्यावसायिक चालकाला सलग चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर त्याला आणखी चार तास चालवता येते आणि त्या दिवसाचा हिशोब तिथे संपतो. वाटेतले थांबे वगळता सकाळपासून त्याचे पावणेचार तास झाले होते. उरलेल्या चार तासांत क्राबी बसत होते, लांता बसत नव्हते. दिवस सहाच्या सुमारास मावळत होता. म्हणजे साडेतीनला निघाले तर सातच्या सुमारास मुक्कामी पोहोचता येणार होते, आणि पाचपर्यंत थांबले तर बराचसा रस्ता भर पावसात, अंधारात, दमलेल्या चालकाबरोबर कापावा लागणार होता. ‘चारनंतर कदाचित’ या उत्तराची वाट पाहण्याची किंमत ही होती.

निर्णय आणि कार्यवाही

पावणेतीनला कार्यालयाने तिसरा पर्याय मंजूर केला आणि पुढची कामे एकाच वेळी सुरू झाली. बसमालकाशी गाईड थाईतून बोलली. बसला दुसऱ्या दिवशी बँकॉकला दुसरे काम नसल्यामुळे एक वाढीव दिवस आणि चालकाचा मुक्काम या अटींवर तो तयार झाला. कार्यालयाने क्राबीतल्या आओ नांग येथे एका रात्रीच्या खोल्या मिळवल्या. समुईच्या रिसॉर्टला बोटसेवा बंद असल्याचा धक्क्यावरचा फलक छायाचित्रासह पाठवण्यात आला. हा फलक आठवणीने टिपून ठेवल्याचा पुढे फार उपयोग झाला.

प्रवाशांना सांगण्याचे काम मात्र नीट झाले नाही. मॅनेजरने बसच्या पुढच्या भागात उभे राहून, माईक बंद असताना निर्णय सांगितला. मागे बसलेल्यांपैकी काहींना तो ऐकू आला नाही, तर काही जण शेडखाली चकल्यांचा डबा उघडून बसले होते. दोन कुटुंबांना मार्ग बदलल्याचे बस सुटल्यावर कळले. त्यातच घरून ‘थायलंडमध्ये वादळ आहे म्हणे’ असे फोन येऊ लागले. बसमध्ये पहिल्या तासाभरात जी कुरबूर झाली, ती निर्णयापेक्षा अधिक या पद्धतीमुळे झाली, असे नंतर बहुतेकांशी बोलल्यावर दिसते. कांचनादितच्या पुढे विश्रांतीच्या थांब्यावर गाईडने माईक घेतला. का वळलो, आज कुठे राहणार, उद्या कुठे जाणार आणि कोणती गोष्ट अजून पक्की नाही, हे चारही मुद्दे तिने तिच्या मोडक्या हिंदीत सांगितले आणि मॅनेजरने ते मराठीत पुन्हा सांगितले. त्यातला चौथा मुद्दा सर्वांत परिणामकारक ठरला. काय ठरलेले नाही हे स्वतःहून सांगितल्यावर लोकांचा बाकीच्या तिन्हींवर विश्वास बसला.

गट सव्वासातला आओ नांगला पोहोचला. तिथे भारतीय उपाहारगृहे भरपूर असल्यामुळे रात्रीच्या जेवणाचा प्रश्न सुटला. दुसऱ्या दिवशी बस परत गेली आणि गट व्हॅनने लांताला निघाला. अडचण आली ती एकाच हॉटेलात सगळ्या खोल्या मिळण्याची. हंगाम नुकताच सुरू होत असल्याने खोल्या होत्या, पण अठरा खोल्या एका छपराखाली नव्हत्या. गट दोन हॉटेलांत विभागला गेला. एकाला समुद्र लागून होता, दुसऱ्यापासून तो दहा मिनिटांवर होता. वाटप आडनावाच्या अकारविल्हे यादीने झाले. ते सोयीचे होते, न्याय्य नव्हते. गुडघेदुखी असलेल्या दोन आजी समुद्रापासून दूरच्या हॉटेलात गेल्या आणि कॉलेजमधली चार मुले लाटांच्या काठाला.

समुईवर शाकाहारी आणि जैन जेवणासाठी आचारी ठरवलेला होता. लांतावर तो नव्हता. इथे गाईडने ‘जे’ जेवणाचा आधार घेतला. चिनी-थाई परंपरेतील या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध आणि माशाचा रस तर चालत नाहीच, शिवाय लसूण-कांदाही वर्ज्य असतो. कंदमुळांचा प्रश्न त्याने सुटत नाही. म्हणून बटाटा, गाजर आणि मुळा नको, हे तिने थाईत एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवले. जेवण एकसुरी झाले, पण कोणी उपाशी राहिले नाही. इन्सुलिनच्या कुप्या हॉटेलच्या फ्रीजमध्ये ठेवण्याचे काम तिने न सांगता केले.

शेवटची मोठी कार्यवाही विमानाची. सुरात थानीची देशांतर्गत तिकिटे सोडून देऊन क्राबीहून नवी घ्यावीत की लांताहून सकाळी लवकर निघून सुरात थानी गाठावे, यावर कार्यालयात वाद झाला. लेखा विभागाचा कौल दुसऱ्या बाजूला होता. ऑपरेशन्सच्या प्रमुखांनी पहिला पर्याय निवडला. एका कच्च्या कडीतून सुटून दुसरीत अडकायचे नाही, हे त्यांचे म्हणणे खर्चिक असले तरी बरोबर होते.

परिणाम

लांतावर दोन्ही दिवस पाऊस पूर्णपणे थांबला नव्हता. संध्याकाळी एखादी सर येत होती, पण समुद्रात उतरता येत होते. समुईची बोटसेवा दुसऱ्या दिवशी अधूनमधून आणि तिसऱ्या दिवसापासून बऱ्याच अंशी सुरू झाली. म्हणजे गट सुरात थानीत थांबला असता, तर कदाचित एक रात्र समुईवर मिळाली असती आणि परतीची बोटही मिळाली असती. हटून बसलेल्या कुटुंबांपैकी एकाने ही गोष्ट तक्रारअर्जात ठळकपणे लिहिली आहे आणि ती वस्तुस्थितीला धरून आहे. मात्र तीन वाजता धक्क्यावर हे कोणालाही माहीत नव्हते आणि त्या वेळच्या माहितीवर निर्णय योग्यच होता, असे माझे मत आहे. ‘सुआन मोक्खला थांबलो नसतो तर बोट मिळाली असती’ ही दुसरी तक्रार मात्र टिकत नाही. थांबा वगळला असता तरी बस बाराच्या सुमारासच पोहोचली असती.

रिसॉर्टने सुरुवातीला तिन्ही रात्रींचे पैसे कापण्याचा पवित्रा घेतला. फलकाचे छायाचित्र आणि पुरवठादाराची मध्यस्थी यांमुळे एका रात्रीची रक्कम कापून उरलेल्या दोन रात्री पुढील वर्षभरात वापरण्याची मुभा मिळाली. प्रवाशांच्या विमा पॉलिसीत विलंबाची भरपाई विमानापुरतीच होती, बोटीचा तिथे उल्लेखच नव्हता. वाढीव बस, व्हॅन, क्राबीची विमानतिकिटे आणि लांतावरील खोल्या यांचा भार कंपनीने उचलला. न झालेल्या समुईदर्शनाची रक्कम मात्र तिने लगेच परत केली नाही. सहा आठवड्यांनी, ती प्रवाशांच्या तगाद्यानंतर परत केली. एवढा मोठा खर्च सोसून मिळवलेली सदिच्छा तुलनेने किरकोळ रकमेसाठी गमावण्याचा हा प्रकार समजण्यापलीकडचा आहे.

काय वेगळे करता आले असते

मुळातला दोष किनारा आणि महिना यांच्या जोडीत आहे, हे आता उघड आहे. मात्र तो मान्य करूनही त्या दिवशीचा एक मुद्दा स्वतंत्रपणे पाहण्यासारखा वाटतो. निर्णय पुढे ढकलणे चुकीचे नव्हते, तो कुठे ढकलला गेला हे चुकले. सुरात थानी शहरापर्यंत दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. बस तिथे साडेअकराच्या सुमारास पोहोचली होती, म्हणजे कार्यालय उघडण्याच्या वेळेला आणि बोटसेवा थांबल्यानंतर. तिथे जेवणासाठी तासभर थांबून फेरीबोट कंपनीला एक फोन केला असता, तर सर्व काही तिथेच कळले असते. त्याऐवजी बस सत्तरएक किलोमीटर पुढे धक्क्यापर्यंत गेली आणि त्यातला बराचसा रस्ता तिला परत यावा लागला. चालकाचे तास वाचले असते, गट उजेडात क्राबीला पोहोचला असता आणि प्रवाशांनी बंद फाटकासमोर दोन तास काढले नसते. बंद फाटक पाहिलेल्या माणसाला पर्यायी कार्यक्रम नेहमी दुय्यमच वाटतो.

बसचा करार धक्क्यावर संपवणे ही काटकसर होती. खराब हवेच्या महिन्यांत तो एक दिवस पुढे वाढवून ठेवला, तर त्याचा खर्च एका रिकाम्या दिवसाएवढाच येतो. त्या दिवशी बसला दुसरे काम असते, तर गाईडच्या धावपळीचाही उपयोग झाला नसता.

अधिकाराचा प्रश्न कंपनीने नंतर सोडवला. आता कार्यालय बंद असतानाच्या वेळेत ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च करून मार्ग बदलण्याचा अधिकार टूर मॅनेजरला दिलेला आहे. मात्र स्थानिक गाईडचे मत लेखी नोंदवूनच तो वापरायचा आहे. या अटीमुळे निर्णय मंदावेल, असे काही मॅनेजरांचे म्हणणे आहे. मला तसे वाटत नाही. या प्रकरणात त्या किनाऱ्याची खरी जाण एकाच व्यक्तीला होती आणि तिला आदल्या रात्री इशारा वाचून दाखवण्यापलीकडे कोणी काही विचारले नव्हते.

खोल्यांच्या वाटपासाठी वय आणि प्रकृती यांची नोंद असलेली यादी आधीपासून हाताशी असायला हवी होती. ती कंपनीकडे होती, व्हिसा आणि विम्याच्या कागदांत. फक्त ती मॅनेजरच्या फोनमध्ये नव्हती.

पुढील हंगाम

कंपनीने दिवाळीची सहल आता क्राबी आणि लांताकडे वळवली आहे. समुईची सहल फेब्रुवारी-मार्च आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवली आहे. शेवटच्या रात्रीचा मुक्काम बेटावर न ठेवता विमानतळाजवळ मुख्य भूमीवर ठेवला आहे. त्याने बेटावरची एक रात्र कमी होते आणि जाहिरातीत ते थोडे फिके दिसते, अशी विक्री विभागाची तक्रार आहे. नाताळच्या आठवड्याचा वाद अजून मिटलेला नाही. डिसेंबरअखेर आखातातला पाऊस ओसरू लागतो, पण ईशान्य वारे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत राहतात आणि दर मात्र वर्षातले सर्वांत चढे असतात. ऑपरेशन्स विभागाला ती सहल रद्द हवी आहे, विक्री विभागाला ती वाढवून हवी आहे. तूर्त ती एक जास्तीचा दिवस आणि राखीव बस धरून विकली जात आहे.